अलार्म वाजायलाच हवा, लॉक उघडायला नको

विचारणा थोडक्यात अशी: राहायला कळवा, नोकरी ऐरोलीला, शिफ्ट दर आठवड्याला बदलती. फोन अँड्रॉइड. अलार्म कधी वाजतो, कधी वाजत नाही. सासूबाईंच्या गोळ्यांचे रिमाइंडर लावलेत, पण ते येऊन गेलेले कुणाला कळतच नाहीत. लॉकला पॅटर्न आहे, तो मुलाला पाठ झालाय. शिवाय लोकलमध्ये फोन हातातून गेला तर काय, ही धास्ती. हे सगळं एकदाच नीट कसं लावावं?

माझं नौपाड्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ‘अलार्म वाजत नाही’ म्हणून काउंटरवर आलेल्या फोनांत खरा बिघाड क्वचितच निघतो. स्पीकर धड असतो, घड्याळ बरोबर असतं. फोनला बॅटरी वाचवायची असते, तुम्हाला उठायचं असतं आणि या दोघांत ठरवून दिलेलं काहीच नसतं, म्हणून घोटाळा होतो. लॉकचंही तसंच. लोक लॉक लावतात तो फोन टेबलावर शांत पडलाय असं धरून, आणि चोर फोन नेतो तो उघडा, चालू असताना. म्हणून माझा सगळ्यांना एकच आग्रह असतो. सेटिंग लावून थांबू नका. जी वेळ येणार आहे तिची नक्कल करून, त्याच अवस्थेत फोन तपासा.

अलार्मपासून सुरू करतो.

लोक अलार्म तपासतात कसा? पाच मिनिटांनंतरची वेळ लावतात, वाजला की ‘चालतंय’ म्हणून निश्चिंत होतात. त्या पाच मिनिटांत फोन झोपलेलाच नसतो. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन बराच वेळ हलवला नाही आणि स्क्रीन बंद राहिली की तो ‘डोझ’ नावाच्या अवस्थेत जातो आणि मागे चालणारी ॲप्स आवरून घेतो. फोनबरोबर आलेलं घड्याळाचं ॲप यातून सुटतं, कारण अलार्मला वेगळी सवलत आहे. अडचण होते ती प्ले स्टोअरवरून घेतलेल्या ॲपची. त्यात काही कंपन्यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्याचा जास्तीचा बंदोबस्त असतो. तिथे रिसेंट ॲप्स एका बोटाने साफ केली की काही वेळा ते ॲप मुळापासूनच बंद पडतं आणि त्यातले अलार्मही त्याच्याबरोबर जातात. ‘फोन क्लीनर’, ‘बूस्टर’ असल्या नावांची ॲप्स हेच काम दिवसभर करत बसतात. ती आधी काढून टाका. त्यांनी फोन वेगवान झालेला मी तरी पाहिलेला नाही.

तुमचा अलार्म ‘कधी वाजतो, कधी नाही’ यावरून माझा पहिला संशय दोन घड्याळांवर आहे. बऱ्याच फोनमध्ये कंपनीचं एक घड्याळ असतं आणि कुणीतरी गूगलचं दुसरं टाकलेलं असतं. एकात अलार्म लावायचा, दुसऱ्यात बघायचं, तोंडी सांगून लावलेला तिसरीकडेच, असा गोंधळ चालतो. एकच ठेवा, आणि शक्यतो फोनबरोबर आलेलं ठेवा. दुसरंच हवं असेल तर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि ‘ऑटोस्टार्ट’ दिसत असेल तर चालू करा. त्याशिवाय ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’मध्ये ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ अशी एक परवानगी असते, तीही बघा. ती अँड्रॉइड १२ पासून आली. अँड्रॉइड १४ पासून नव्याने घेतलेल्या बऱ्याच ॲपना ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. गोळ्यांची आठवण करणारी ॲप्स नेमकी इथे अडकतात. ॲप घेतल्या घेतल्या भराभर ‘डोन्ट अलाउ’ दाबणाऱ्यांना नंतर कारण सापडत नाही.

आता आवाज. फोनमध्ये मीडिया, रिंग, नोटिफिकेशन आणि अलार्म यांचे आवाज वेगवेगळे असतात. बाजूचं बटण दाबून तुम्ही बहुतेक वेळा मीडियाचा किंवा रिंगचा वाढवता, अलार्मचा तिथल्या तिथे राहतो. बटण दाबल्यावर पट्टी दिसते, तिच्या टोकाचे तीन ठिपके दाबले की सगळ्या पट्ट्या उघडतात. अलार्मची पट्टी भरून ठेवा आणि पुन्हा तिकडे फिरकू नका. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावत असाल तर त्याच्या आत ‘अलार्म्स’ला मोकळीक आहे ना, तेवढं बघा. ती सहसा असते, पण पोराने कधी ‘टोटल सायलेन्स’ केलं असेल तर नसते.

गूगलच्या घड्याळात सेटिंग्ज उघडल्या की तीन गोष्टी माझ्या मते बदलण्यासारख्या आहेत. ‘सायलेन्स आफ्टर’ हे मुळात दहा मिनिटं असतं. म्हणजे तेवढा वेळ वाजून अलार्म स्वतःच गप्प होतो आणि ‘मिस्ड’ म्हणून पडून राहतो. गाढ झोपेच्या माणसाने ते वाढवावं. दुसरं, व्हॉल्यूमचं बटण दाबल्यावर काय व्हावं ते. ते ‘डिसमिस’वर असेल तर उशीखाली हात घालताच अलार्म कायमचा बंद. ‘स्नूझ’वर ठेवा. तिसरं, आवाज हळूहळू वाढवण्याचं. माझ्याकडे येणाऱ्या वयस्कर मंडळींना ते आवडतं, कारण दचकायला होत नाही. शिफ्टवाल्यांना मी ते बंदच ठेवायला सांगतो.

बदलत्या शिफ्टसाठी रोज रात्री वेळ बदलत बसू नका. पेंगुळलेल्या डोळ्यांनी सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा यांत फरक दिसत नाही. चोवीस तासांचं घड्याळ चालू केलं तर ही चूक निम्म्याने टळते. प्रत्येक शिफ्टचे अलार्म वेगळे तयार करून ठेवा, वार लावून, लेबल देऊन: ‘मॉर्निंग – उठ’, ‘मॉर्निंग – घरातून नीघ’, ‘नाइट – दुपारी उठ’. रविवारी रात्री फक्त या आठवड्याचे चालू आणि बाकीचे बंद. ‘घरातून नीघ’ हा दुसरा अलार्म मला उठण्याच्या अलार्मइतकाच महत्त्वाचा वाटतो. कळव्याहून ठाण्याला उतरून दहा नंबरवर ट्रान्स हार्बरची गाडी पकडायची म्हणजे पूल चढण्याउतरण्यात आणि गर्दीत किती मिनिटं जातात हे तुम्हाला माहीत आहे. चहा घेताना वेळ कसा जातो ते मात्र कळत नाही. मध्यरात्रीनंतरच्या अलार्मला वार लावताना सांभाळा. सोमवारच्या रात्री साडेबाराला हवा असेल तर फोनच्या हिशेबाने तो मंगळवार आहे. आणि नाइट शिफ्टच्या आठवड्यात ‘बेडटाइम’चं वेळापत्रक बदलायला विसरू नका. नाहीतर रात्री कामावर असताना फोन गप्प राहील आणि दिवसा डोळा लागला की कर्जवाल्यांचे फोन वाजतील.

मग खरी परीक्षा. सुट्टीच्या दुपारी अलार्म निदान दोन तास पुढचा लावा. फोन जसा रात्री असतो तसाच ठेवा: चार्जर, डू नॉट डिस्टर्ब, बॅटरी सेव्हर असेल तर तोही, सगळी ॲप्स साफ करून, स्क्रीन बंद. हात लावू नका. वाजला तर ठीक. मग दुसरी परीक्षा: फोन रीस्टार्ट करा, पिन न घालता तसाच ठेवा आणि अलार्म वाजतो का बघा. ही का, तर रात्री सिस्टिम अपडेट झाला की काही फोन पहाटे स्वतःच रीस्टार्ट होतात आणि पिनची वाट बघत बसतात. अँड्रॉइड ७ पासून फोनचं स्वतःचं घड्याळ या अवस्थेतही वाजू शकतं. बाहेरून घेतलेल्या ॲपचा भरवसा नाही, आणि व्हॉट्सॲप तर पहिल्यांदा लॉक उघडेपर्यंत तोंड उघडत नाही. आणि फोन पुरता बंद असला तर आजचे बहुतेक स्मार्टफोन वाजत नाहीत. जुना नोकिया बंद असूनही वाजायचा. तो हिशेब धरून अजूनही काही जण रात्री फोन बंद करून अलार्मची वाट बघतात.

सासूबाईंच्या गोळ्यांकडे येतो. इथे मुळात वस्तूच चुकीची निवडलीय. रिमाइंडर हा नोटिफिकेशन म्हणून येतो. एकदा ‘टिंग’ होतं, वरच्या पट्टीत जाऊन बसतं, आणि फोन सायलेंटवर असेल तर तेवढंही होत नाही. वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, गॅसचा नंबर लावणं, महापालिकेचं पाणी बंद असण्याचा दिवस, यांना रिमाइंडर ठीक आहे, कारण तासभर इकडेतिकडे चालतं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, तिला अलार्मच हवा.

आणि तो सासूबाईंच्या फोनवर हवा, तुमच्या नव्हे. तुम्ही ऐरोलीला असताना तुमच्या फोनवर वाजून काय उपयोग? मी ज्येष्ठांच्या फोनवर असं करून देतो: व्हॉइस रेकॉर्डर उघडायचा, आधी दोन-तीन सेकंद स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायचा आणि मग नातवाने मोठ्याने, सावकाश बोलायचं, ‘आजी, बीपीची गोळी. पांढरी, छोटी. जेवण झालं का?’ ही फाइल फोनमध्येच सेव्ह करायची. घड्याळात अलार्म उघडून घंटीच्या चिन्हावर बोट ठेवलं की सूर निवडायची यादी येते, तिथे ‘ॲड न्यू’ करून ती फाइल घ्यायची. वाटीचा आवाज लागतोच. नुसतं बोलणं टीव्हीच्या मालिकेत मिसळून जातं, आजींना वाटतं कुणीतरी मालिकेतच बोललं. लेबलमध्येही मराठीत लिहून ठेवा, म्हणजे स्क्रीनवर गोळीचं नाव दिसेल. ऑनलाइन गाणी अलार्मला लावायची सोय काही ॲपमध्ये असते, गोळ्यांसाठी ती वापरू नका. नेट नसलं की काय वाजेल याचा नेम नाही. गोळी घेतली की नाही हे मात्र कुठलाही अलार्म सांगू शकत नाही. त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी वारांच्या खणांची डबी आणा. संध्याकाळी घरी आल्यावर खण रिकामा आहे का ते बघितलं की झालं.

घरात कुणाचा आयफोन असेल तर दोन ओळी त्याच्याबद्दल. तिथे अलार्मचा आवाज रिंगच्या पट्टीबरोबर बांधलेला असतो, म्हणून ‘चेंज विथ बटन्स’ बंद ठेवावं, नाहीतर दिवसा रिंग कमी केली की पहाटेचा अलार्मही कुजबुजतो. सायलेंटच्या खटक्याने अलार्म बंद होत नाही, तिथे निर्धास्त राहा. फेस आयडीच्या फोनमध्ये ‘अटेन्शन अवेअर’ चालू असेल तर तुम्ही फोनकडे पाहताच तो आवाज आपणहून कमी करतो. बिघाड समजून असे फोनही दुकानात येतात.

आता लॉक. पॅटर्न काढून टाका. कागदावर पॅटर्नच्या जोडण्या ३,८९,११२ होतात. चार आकडी पिन फक्त १०,००० असतात, तेव्हा गणिताने पॅटर्नच भारी वाटतो. पण माणसं एल, झेड, एन, सी या इंग्रजी अक्षरांच्या आकारांपलीकडे जात नाहीत. शिवाय बोटाचा तेलकट माग काचेवर उमटतो, आणि समोर बसलेल्याला आकड्यांपेक्षा रेघ पटकन लक्षात राहते. तुमच्या मुलाने तो मुद्दाम पाठ केला नसेल, बघून बघून झाला असेल. सहा आकडी पिन ठेवा: १० लाख शक्यता. जन्मसाल, गाडीचा नंबर, लग्नाची तारीख नको, कारण घरातल्यांना हेच आधी सुचतं. आणि हा पिन यूपीआयच्या पिनसारखा तर मुळीच नको. मी काउंटरवर फोन घेताना लॉक विचारतो आणि गिऱ्हाईक सहज म्हणतं, ‘तोच, जीपेचा.’ असं मला कधीच सांगायचं नसतं, तुम्हीही कुणाला सांगू नका.

बोटांचे ठसे किती नोंदवलेत ते उघडून बघा. घरातल्या कुणाकुणाचे निघतात, कधी जुन्या प्रेमापोटी दिलेलेही. स्वतःची दोन बोटं ठेवा, बाकीचे पुसा. चेहऱ्याचं लॉक बऱ्याच स्वस्त अँड्रॉइडमध्ये साध्या सेल्फी कॅमेऱ्यावर चालतं, त्याला सोय म्हणा, सुरक्षा म्हणू नका. मुलाला गेम खेळायला फोन द्यायचा तर ‘ॲप पिनिंग’ चालू करा आणि बाहेर पडताना पिन विचारण्याची खूण करा. मग तो त्या गेममध्येच राहतो, गॅलरीत किंवा व्हॉट्सॲपमध्ये शिरत नाही.

आता लोकलची भीती. ती खोटी नाही. दारात उभं राहून फोन बघणाऱ्याच्या हातावर रुळांकडेने फटका मारून फोन पाडणाऱ्या टोळ्या आहेत. दारात फोन काढू नये हा उपाय कुठल्याही सेटिंगपेक्षा मोठा. पण गेलाच, तर तो उघडा असताना जाणार, हे धरून चला.

म्हणून स्क्रीन तीस सेकंदांत बंद व्हावी आणि बंद होताच लॉक व्हावं, पाच मिनिटांची मुदत नको. ‘स्मार्ट लॉक’ किंवा नव्या नावाने ‘एक्स्टेंड अनलॉक’ हे बघा. त्यात ‘ऑन बॉडी डिटेक्शन’ चालू असेल तर फोन अंगावर, हलता असेपर्यंत उघडाच राहतो. तो अंग कुणाचं हे विचारत नाही, चोराच्या खिशातही उघडाच. बंद करा. गूगलने २०२४ मध्ये ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’ आणलंय, अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनना, सेटिंग्जमध्ये गूगलच्या पानावर ‘थेफ्ट प्रोटेक्शन’ या नावाखाली. कुणी फोन हिसकावून पळालं तर झटका ओळखून ते स्क्रीन लॉक करतं. चालू करा, पण त्याच्यावर विसंबू नका. फटका बसून फोन खडीत पडला आणि कुणी सावकाश उचलला, तर ते जागं होईलच असं नाही. त्याच पानावरचं ‘रिमोट लॉक’ही चालू करा. दुसऱ्याच्या फोनवरून फक्त तुमचा नंबर घालून स्क्रीन लॉक करता येते, पासवर्ड आठवावा लागत नाही. चोरी झाल्यावर चालू करू म्हणाल तर होत नाही.

गूगलच्या ‘फाइंड हब’मधून फोन शोधायला मात्र खात्यात शिरावं लागतं, आणि तिथली दुसऱ्या पायरीची खातरजमा जर चोरीला गेलेल्याच फोनवर येणार असेल तर तुम्ही दाराबाहेर. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर ‘बॅकअप कोड’ मिळतात. ते कागदावर उतरवून घरी कपाटात ठेवा, पाकिटात नको.

सिमचा पिन हा सगळ्यांत दुर्लक्षिलेला भाग. फोनला कितीही मजबूत लॉक असू दे, चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्या हातात. सिम लॉक लावलं तर दुसऱ्या फोनमध्ये सिम पिन मागतं. लावण्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरकडून मूळ पिन विचारून घ्या, अंदाजाने आकडे घालू नका. तीनदा चुकलं की सिम बंद पडून पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडण्याचा कंपनीचा कोड मागतं, आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं बाद. आता यातली एक गाठ लक्षात घ्या. सिम पिन लावलेला फोन रात्री आपोआप रीस्टार्ट झाला तर पिन घालेपर्यंत त्याला नेटवर्कच नसतं, म्हणजे कुणाचा फोन लागत नाही. घरात आजारी माणूस असताना हे परवडणार नाही. तेव्हा सिम पिन लावणार असाल तर अपडेटसाठी आणि ‘ऑप्टिमायझेशन’साठी होणारं आपोआप रीस्टार्ट बंद करा, आणि अपडेट रविवारी दुपारी स्वतः करा.

लॉकचीही परीक्षा घ्या. फोन लॉक करून नवऱ्याच्या हातात द्या आणि म्हणा, न उघडता काय काय करता येतं ते दाखव. स्वतःच स्वतःला दुसऱ्या फोनवरून मेसेज पाठवून बघा, लॉक स्क्रीनवर मजकूर वाचता येतो का. येत असेल तर ओटीपीही वाचता येईल. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये ‘सेन्सिटिव्ह’ मजकूर लपवा. वरची पट्टी ओढून एअरप्लेन मोड लावता येतो का? काही फोनमध्ये हे लॉक असताना बंद ठेवायची सोय आहे, असेल तर वापरा. उलट ‘इमर्जन्सी इन्फर्मेशन’ मात्र लॉकवर दिसलीच पाहिजे: रक्तगट, आजार, घरचे दोन नंबर. तुम्हाला चक्कर आली तर स्टेशनवरचा माणूस पिन कुठून आणणार?

आज रात्रीच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, कागदावर लिहून ठेवा, दोन सिमच्या फोनला दोन असतात. फोन गेलाच तर आधी सिम बंद करायला कंपनीला फोन, मग बँकेला. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. रेल्वेत गेला असेल तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे. त्या तक्रारीची प्रत आणि डुप्लिकेट सिम हातात आलं की ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करा, म्हणजे भारतातल्या कुठल्याच नेटवर्कवर तो चालणार नाही. पुढे फोन सापडला तर तिथूनच अनब्लॉक करून मग सिम घाला. आणि मधल्या काळात ‘तुमचा फोन सापडला आहे, इथे पासवर्ड टाका’ असा मेसेज डुप्लिकेट सिमवर आला तर तो चोराकडूनच आलाय असं समजा. लॉक त्याला उघडता आलेलं नाही, म्हणून तो तुमच्याकडून उघडून घ्यायला बघतोय.